हाडातली साक्ष

धाकट्या बहिणीच्या लग्नात कासारानं माझ्या हातात चुडा भरला आन् दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा. कासार हात दाबूनच बांगड्या भरतो, पण बाकीच्या बायांचे हात ठणठणीत होते. हळदीला पदर सरकला, तर दंडावरचे जुने डाग बी दिसले. झालं! धाकट्या भावानं काही विचारलं न्हाई, भर मांडवात माझ्या नवऱ्याच्या थोबाडीत ठेवून दिली. जावयाच्या! ज्याचे पाय धुवायचे त्याच्या! वर म्हणतोय, "आमची बहीण रस्त्यावर पडलेली न्हाई, दाजी!"

ह्यांनी उलटून हात उचलला न्हाई. ह्या माणसानं मला कधी बोट लावलं न्हाई, असं मी बोंबलून सांगितलं. पण नवऱ्याला झाकणारी बाई कोणाला नवीन हाय? आई सुद्धा म्हणाली, "सगळ्याच असं म्हणत्यात." लय संताप आला.

पुढं हिरड्यांतून रक्त यायला लागलं. परभणीला दाखवलं, तर प्लेटलेट लय कमी. औषधानंबी वाढंनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कमरेच्या हाडातला मगज काढून तपासावा लागेल. कॅन्सर आहे का ते कळेल." आई फोनवरच रडायला लागली, कमरेत सुई घातली की बाई कायमची लुळी होती म्हणून. भाऊ म्हणाला, सगळं सोंग हाय, दाजीला वाचवायला. मी म्हणलं, "असं? मग तूच ये. डोळ्यांनी बघ."

आला. मला कुशीवर झोपवलं. जागा सुन्न केली होती, तरी मगज ओढताना जीवच कमरेतून बाहेर येतो की काय असं झालं. भ्याले होते, खोटं कशाला बोलू? पण मी मेले असते तर ह्यांच्या नावाला तो बट्टा कायमचा राहिला असता, तेच जास्त झोंबत होतं.

रिपोर्ट आला तेव्हा बाईंनी भावाला समोर बसवलं. "कॅन्सर नाही. प्लेटलेट तयार करणाऱ्या मोठ्या पेशी मगजात भरपूर आहेत, फक्त बऱ्याच कोवळ्या आहेत. आणि ज्या प्लेटलेट तयार होतात, त्या हिचंच शरीर मारून टाकतंय. म्हणून नुसतं दाबलं तरी डाग पडतो. कुणी मारायची गरज नाही."

भावाचं तोंड एवढंसं झालं. बाहेर व्हरांड्यात हे थांबले होते; तिथं आल्याबरोबर तो दाजीचे पाय धरायला वाकला. हे मागं सरकले, "जाऊ दे रे," म्हणाले.

मी भावाला दंडाला धरून उभा केला. "इथं नको. इथं कोण वळखतंय आपल्याला? मारलंस भर मांडवात, पाय बी गावात धर. चल, रिक्षा थांबव."