सोमवारचं वजन

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. पाट्या नव्या, कचेऱ्या नव्या. पाण्याची मात्र बोंब होती, आणि कॅन्सरला रेडिएशनचा शेक द्यायचं मशीनही नव्हतं. म्हणून माझ्या वडिलांना, अप्पांना, घशाच्या कॅन्सरसाठी आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचो. पाच दिवस दवाखान्याजवळच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी एसटीने रेणापूरला घरी यायचं.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शेकाने घसा आतून सोलवटेल, गिळवणार नाही, तरी दर दोन तासांनी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. दर सोमवारी वजन होईल. ते फार उतरलं तर शेक थांबवून नाकातून नळी घालावी लागेल.

माझ्या आईने, अव्वाने, हे अगदी मनावर घेतलं. दुष्काळात म्हशी आटलेल्या, तरी ती कुठून कुठून दूध मिळवायची. दाणे वाटून फडक्यातून गाळायची आणि ज्वारीच्या पेजेत घालून वर तूप सोडायची. अप्पा कपाळाला विभूती लावून लिंगपूजा करायचे, मग डोळ्यांतून पाणी काढत चार चमचे गिळायचे. अव्वा पाण्याच्या रांगेत गेली की वाटी माझ्याकडे सरकवायचे. “पी तू. तिला वाटी रिकामी दिसली पायजे.” मी प्यायचे. त्या दुष्काळात आमच्या घरात मी एकटीच अंगाने सुटले.

पहिल्या सोमवारी वजन दोन किलो उतरलं. त्यानंतर मात्र काटा जागचा हलेना. सिस्टर म्हणाली, “काकू, चांगलं खायला घालताय.” अव्वा ते वाक्य गावभर सांगत सुटली.

तिसऱ्या शनिवारी घरी आल्यावर मी अप्पांचं किराणा दुकान उघडलं. गिऱ्हाइकाला दोन किलो साखर हवी होती आणि दोन किलोचं लोखंडी माप कुठे सापडेना. आतून अप्पांनी हाक मारली. धोतराच्या आत कमरेला बांधलेलं फडकं सोडून त्यांनी माप माझ्या हातात दिलं. “सोमवारी परत लागंल मला.”

ज्या माणसाच्या तराजूवर डोळे झाकून विश्वास ठेवावा असं गाव म्हणायचं, त्याने दवाखान्याचा काटा फसवला होता. मी भडकले. “अप्पा, तुमी कुणाला फसवायलात हे?”

“नळी लागलेला एक बी माणूस त्या वार्डातून घरी गेलेला मी बघितला न्हाई,” ते म्हणाले. “आन तुझी अव्वा बघ, किती दिवसांनी हसायली. तिला सांगू नको.”

मी सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी दोन किलोचं माप पुरेना, तेव्हा एक किलोचं मीच आणलं. फडक्याची गाठही मीच मारली. त्यांच्या कंबरेची हाडं बोटांना लागली, आणि तरीही मी गाठ घट्ट केली.

पुढच्या आठवड्यात दूध फार पातळ मिळालं. अव्वा कुरकुरली, पण दुसरं मिळत नव्हतं.

पाचव्या सोमवारी काट्यावर चढतानाच अप्पा कोसळले. अव्वा खोलीवर पेज करत होती. कपडे सैल करताना सिस्टरच्या हाताला मापं लागली. तिने दोन्ही माझ्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाली, “तुम्ही तर शिकलेल्या दिसता.” मी अहमदपूरला शाळेत शिकवत होते, अप्पांसाठी रजा काढून आले होते. डॉक्टर बाहेर येऊन इतकंच बोलले, की नळी तीन आठवड्यांपूर्वी घातली असती तर शेक पुरा करता आला असता. त्या दिवशी नळी घातली, शेक थांबला. अकराव्या दिवशी अप्पा गेले.

मापं काढून पुन्हा वजन केलं होतं; अव्वाला कळलं ते एवढंच, की एका आठवड्यात वजन पाच किलो उतरलं. तिने आपला हिशोब लावला. त्या आठवड्यात वेगळं काय झालं, तर दूध. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगायची, “तीन आठवडे वजन टिकवलं होतं बघा मी. त्या आठवड्याचं दूध पाणचट हाय हे कळत होतं मला. तरी पाजलं. मीच घालवलं त्यांना.” बायका म्हणायच्या, असं कसं म्हणता. मी तिथेच बसलेली असायचे.

त्यानंतर तिने दूध सोडलं. चहासुद्धा कोरा. पुढे ती स्वतः अंथरुणाला खिळली, तेव्हा मी दुधाचा पेला पुढे केला की म्हणायची, “मला न्हाई उतरत गं ते.” कितीदा माझ्या तोंडाशी आलं. अप्पांना शब्द दिलाय, मेल्यावर त्यांना खोटं कशाला पाडायचं, अशी मी मनाची समजूत घालायचे. खरं सांगायचं तर मला माझी ती गाठ तिला सांगायची नव्हती. चौदा वर्षं ती तशी जगली, आणि मी तिला तसंच जाऊ दिलं.