खिडक्या धुणाऱ्या सेल्विनचा सत्कार

कालव्याच्या काठानं आम्ही निम्मी वाट चालून आलो होतो, तरी सेल्विन हेलिवेल अजून ब्रशावरच होते.

"टोकं बघायची, मंदा. लोक दांडा बघतात, रंग बघतात. अगं, काचेला लागतात ती टोकं!"

"हो ना," मी म्हणाले. सेल्विनशी बोलताना एवढं पुरतं.

त्यांची गाडी दुरुस्तीला टाकली होती, म्हणून हे चालणं. खोऱ्याच्या वरच्या टोकाला रोवेनाची बेकरी आहे. तिथे त्या दिवशी वरच्या आळीचे लोक सेल्विनचा सत्कार करणार होते. 'प्राण्यांना न दुखावणारा कारागीर' अशी लाकडी पाटी त्यांना मिळायची होती, आणि ती द्यायची होती मी. कारण सगळ्या खोऱ्यात जन्मापासून शाकाहारी अशी मी एकटीच. इथल्या नव्या शाकाहारी मंडळींना माझ्याबद्दल फार आदर आहे. मी चहात दूध घालते, देवापुढे तुपाचं निरांजन लावते, तेवढं ते माझ्या वयाकडे बघून सोडून देतात.

सेल्विननी काखेत टॉवेलात गुंडाळलेला ब्रश धरला होता. सत्काराला उत्तर देताना तो उघडून दाखवायचा, असा त्यांचा बेत होता.

आमच्या खोऱ्यातली घरं डोंगराला चिकटून उभी आहेत. पुढून चार मजले, मागून दोन, आणि खाली शिडी टेकवायला जागा नाही. म्हणून सेल्विन खालीच उभे राहतात. हातात लांबलचक काठी, काठीतून नळी, टोकाला ब्रश. ब्रशातून पाणी सुटतं, आणि ते इतकं गाळलेलं असतं की वाळल्यावर काचेवर डागच राहत नाही. त्यामुळे पुसणं नाही. धुवायचं आणि तसंच ओलं सोडून पुढच्या घराला जायचं. सुरुवातीला म्हाताऱ्या बायका धावत बाहेर यायच्या, "अहो, पुसायचं राहिलं!" सेल्विन काठी भिंतीला टेकवून प्रत्येकीला पाण्यापासून ब्रशापर्यंत सगळं समजावून सांगायचे. त्यानंतर कोणी बाहेर आलं नाही. सेल्विन आले की आतून हात हलवायचा आणि पडदा ओढायचा, अशी आता खोऱ्यात रीत पडली आहे.

ब्रश निवडण्यात या माणसाची उमेदीची वर्षं गेली. ताठ नायलॉनचे झाले, मऊ नायलॉनचे झाले, टोकं चिरलेले झाले, आत ताठ आणि कडेला मऊ असेही झाले. दुकानात जाऊन डोळे मिटायचे आणि ब्रश गालावरून फिरवायचा, ही त्यांची परीक्षा. दुकानात या धंद्यातली आणखीही मंडळी जमतात. ब्रशातून पाण्याची बारीक धार यावी की पंख्यासारखी पसरट, यावरून त्यातल्या दोघांचं बोलणं बंद झालं, ते एकाच्या मुलीच्या लग्नातही सुरू झालं नाही. सेल्विन पसरट धारेच्या बाजूचे. घरी त्यांच्या न्हाणीघरातल्या टबात नेहमी ब्रश भिजत पडलेले. त्यांची बायको डोरीन आंघोळीला बहिणीकडे जाते.

"मला निवडताना इतका वेळ लावला असतास ना सेल्विन," ती चारचौघांत म्हणते, "तर मी तेवढ्यात दुसरा बघितला असता."

"तुला गालावरून फिरवता येत नव्हतं," सेल्विन म्हणतात, आणि ते चेष्टा करतायत की नाही हे तिला अजून कळलेलं नाही.

वरची आळी त्यांना मिळाली ती रोवेनामुळे. रोवेना लंडनहून आली आणि तिनं लोणी नाही, अंडं नाही अशी बेकरी काढली. बघता बघता सगळी आळी तिच्या पंथाला लागली. मग तिच्या लक्षात आलं, की आळीचा जुना खिडकीवाला काचा चामड्यानं पुसतो. मेलेल्या जनावराचं कातडं, आपल्या खिडकीला! त्याला रजा मिळाली, आणि सेल्विनकडे चामडंच नव्हतं म्हणून सगळी आळी त्यांच्याकडे आली. पुढे तिनं वाचलं, की नायलॉनचे केस झिजून ओढ्यात जातात आणि माशांच्या पोटात जातात. "सेल्विन, प्लॅस्टिक बंद करा," ती म्हणाली. सेल्विननी आनंदानं बंद केलं. सत्कार त्याचाच होता.

या आळीवर सेल्विनचं घर चालतं. गुडघा गेलाय. नवी गिऱ्हाइकं शोधत डोंगर चढणं आता व्हायचं नाही. ही आळी आहे तोवर काठी धरीन, नंतर बसीन, असं ते डोरीनला म्हणत.

वाट लांब होती आणि बोलायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी विचारलं, "मग आता हा ब्रश कसला?"

"डुकराचा."

मी जागीच थांबले.

"म्हणजे केस गं, डुकराचे," सेल्विन म्हणाले. "त्यासारखं काही नाही. भिजला की जरा जड होतो, मनगट भरून येतं. पण पक्ष्यांची घाण एका हातात निघते! आणि काचेवरून कसा जातो सांगू..."

"सेल्विन, रोवेनाला हे माहीत आहे?"

"माहीत आहे म्हणजे? मी स्वतः सांगितलंय. तिच्या दारात उभं राहून, चांगला पाऊण तास."

"मग ती काय म्हणाली?"

"'वा, छान' म्हणाली."

"अहो, आज पाटी कशाची देतायत तुम्हाला?"

त्यांनी मनातल्या मनात पाटी वाचली असावी. ओठ हलले. मग ते कालव्याच्या कठड्यावर बसले.

"पण मी सांगितलं होतं, मंदा."

"सांगितलं होतंत हो. ऐकलं कोणी?"

हे मी बोलायला नको होतं. आपण बोलत असताना लोक ऐकत नसतील, ही शंका या माणसाला आजवर शिवली नव्हती. ते टॉवेलाकडे बघत राहिले.

"असं करा," मी म्हणाले, "आज टॉवेल सोडू नका. पाटी घ्या, आभार माना, केक खा. ब्रशाचं पुढे बघू."

"चॅपलमध्ये दर रविवारी प्रार्थनेला पुढच्या बाकावर बसतो मी," ते उठत म्हणाले. "टॉवेल न सोडता पाटी घेऊ? आणि मग तिथे जाऊन बसू?"

मी देवाचं नाव घेतलं आणि त्यांच्यामागून चालू लागले.

बेकरीत गर्दी होती. ओटच्या दुधाचा चहा झाला. रोवेनानं सेल्विनच्या कोमल हृदयाविषयी भाषण केलं. माझ्या हातात पाटी दिली. मी ती पुढे करणार, तोच सेल्विननी ब्रश टेबलावर ठेवून टॉवेल सोडला.

"हे डुकराचे केस आहेत," ते म्हणाले. "आधी सांगितलेलं आहेच. पण ऐकलं नसेल कोणी, म्हणून पुन्हा."

केक खाणारे सगळे थांबले.

"पण तुम्ही तर म्हणाला होतात नारळाचा आहे!" रोवेना म्हणाली.

"नारळ म्हणालोच नव्हतो. नारळानं काच खरवडते. का, ते सांगतो. बघा, नारळाचा तंतू असतो ना..."

"नको!" चार जणी एकदम म्हणाल्या.

मग जे सुरू झालं त्याला सभा म्हणायचं. नायलॉन घेतलं तर मासे, केस घेतले तर डुक्कर, कापडानं पुसावं तर चौथ्या मजल्यावर चढणार कोण? एक गृहस्थ म्हणाले, खिडक्या धुणंच बंद करू, थोडी धूळ आपण सोसली पाहिजे. त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की तो विषय तिथेच मिटला. डुकराचे केस कापून घेतात, की आधी डुक्कर मारतात? सेल्विन म्हणाले, ते मला माहीत नाही, मी फक्त टोकं बघतो.

शेवटी सगळे माझ्याकडे वळले. "तुमच्याकडे काय मानतात?" रोवेनानं हात जोडल्यासारखे करून विचारलं.

मला जे खरं वाटतं ते मी सांगितलं. "आमच्या देवानं एकदा वराहाचं, म्हणजे डुकराचंच रूप घेतलं होतं. पृथ्वी पाण्यात बुडाली होती, ती दातांवर उचलून वर काढली. तेव्हा ते जनावर वाईट असं मी म्हणणार नाही."

मला वाटलं, यानं सेल्विनची बाजू सावरेल. रोवेनाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे हा तुमचा देव!" ती म्हणाली. "आणि आपण त्यानं खिडक्या घासल्या! मंदा, आम्हाला माफ करा."

"अहो, माफी कसली? मला काहीच..."

पण सगळ्या आळीनं माझी माफी मागितली. एका बाईंनी मला जवळ घेतलं. सेल्विन एकटे पडले.

निकाल रोवेनानं सांगितला. मासे मला दिसत नाहीत, डुक्कर समोर दिसतंय, तेव्हा तूर्त नायलॉन. पुढच्या धुण्याला हा ब्रश आळीत दिसला, तर काम दुसऱ्याला. पाटी सध्या बेकरीतच राहील.

"नायलॉननं ती चमक येणार नाही," सेल्विन म्हणाले.

रोवेनानं त्यांच्या हातावर मायेनं हात ठेवला. "अहो सेल्विन, कोणाच्या लक्षात येणार आहे? आम्हाला तर कधीच फरक कळला नाही."

एवढ्या वेळात पहिल्यांदाच सेल्विन गप्प झाले. त्यांनी ब्रश पुन्हा टॉवेलात गुंडाळला. तान्ह्या मुलाला गुंडाळतात तसा, कोपरे आत दुमडून.

परत येताना मी वाट बघत होते, की आता टोकांबद्दल बोलतील, धारेबद्दल बोलतील. एक शब्द नाही. कालव्यातली बदकं बोलत होती तेवढीच. मला ते अगदी सोसेना.

"सेल्विन," मी म्हणाले, "ती पसरट धार काय ते सांगत होतात ना मघाशी?"

"राहू दे."

माझ्या घराची पायरी आली तेव्हा ते थांबले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"मंदा, तुझ्या मागच्या बाजूला दोन खिडक्या आहेत ना, एका मापाच्या?"

"आहेत की."

"उद्या सकाळी येतो. एक नायलॉननं धुतो, एक यानं. कुठली कशानं ते सांगणार नाही. तू आत पडदा ओढून बसायचं. वाळल्या की बाहेर यायचं, बघायचं, आणि फरक दिसतो का ते सांगायचं." त्यांनी काखेतला टॉवेल घट्ट धरला. "आळी जाऊ द्यायची की ब्रश, ते मी त्यावर ठरवीन. पण माझ्याकडे बघून काही सांगू नकोस. काचेकडे बघून सांग. आणि दोन्ही सारख्या दिसल्या, तर तसंच सांग. एवढं माझ्यासाठी करशील?"