टोपीखालचे केस

एका दुखण्याचे इतके किस्से कसे होतात, मला कळत नाही. दुखणं चालू होतं तेव्हा त्यातला एकही किस्सा वाटला नव्हता. आता आम्ही जुन्या मैत्रिणी कधीतरी भेटतो आणि चहा यायच्या आत कुणीतरी सुरू करतंच, "शैला, ते भज्यांचं सांग ना!" मग मी सांगते. त्या हसतात. मीही हसते. एक झाला की दुसरा आठवतो, आणि घरी परत जाताना मात्र मला हसू येत नाही.

ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं असतील. मी अंधेरी पूर्वेला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. तीन नंबरची लाइन, आणि लाइनवर आम्ही चौघी. मंदाताई मालवणकडच्या, सगळ्यात मोठ्या. कुंदा घाटकोपरची, माझ्याच वयाची, तोंडानं एकदम फटकळ. फिलोमिना गोराईची, रोज होडीतून खाडी ओलांडून कामाला यायची. आणि मी. बोरिवलीला चाळीत राहायचे, लग्नाला पाच वर्षं झालेली, मूल नाही.

काम सोपं. गोळ्या मोजायच्या, बाटलीत भरायच्या, वर कापसाचा बोळा, मग मशीनवर झाकण. अंगात पांढरा कोट आणि डोक्यावर कानापर्यंत पांढरी कापडी टोपी. एक केस बाहेर दिसला तरी सुपरवायझर ओरडायचा. सगळ्या बायका त्या टोपीला शिव्या घालायच्या. मी नाही! दिवसाचे आठ तास माझं डोकं कुणाला दिसत नाही, ह्यापेक्षा जास्त मला तेव्हा काही नको होतं.

*

केसांच्या आधी वजन वाढलं. जेवण तेवढंच, पण चेहरा सुजल्यासारखा, पोट पुढे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून मी टेबलावर डोकं टेकायचे आणि झोपून जायचे.

एक दिवस कुंदानं कोपरानं ढोसलं. "किती महिने?"

"कसले?"

"आता आमच्यापासून पण लपवणार काय गं?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या तिघींचे चेहरे असे काही झाले होते, की माझ्या तोंडून काही निघालंच नाही. मी नुसतं खाली बघितलं. झालं! मंदाताईंनी कुठूनतरी माझ्यासाठी स्टूल आणलं. आम्ही सगळ्या उभ्यानं काम करायचो, त्यात मी एकटी बसलेली. फिलोमिनानं गोराईहून कैऱ्या आणल्या. खोका उचलायला गेले की कुंदा अंगावर यायची, "ठेव तो खाली!"

तीन दिवस मी ते स्टूल वापरलं. कैऱ्या खाल्ल्या. घरी जाताना तर मलाच खरं वाटायला लागलं होतं.

चौथ्या दिवशी संडासातून मी हळूच हाक मारली, "कुंदा, कापड आहे का गं?"

मग दाराखालून कापड आत आलं.

लाइनवर परत आले तर स्टूल होतं तिथेच होतं. मी उभीच राहिले. मंदाताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बस गो. दमलंस."

*

मग केस. विंचरताना जायचे तेवढे आधी जायचेच. पण आता उशीवर, पाठीवर, भाकरीच्या पिठात. भांग रुंद होत होत बोटभर झाला. मोरी तुंबली की सासूबाई काडीनं काढायच्या आणि काडी माझ्यासमोर धरायच्या. "हे बघ. तुझेच."

मंदाताई म्हणाल्या, "कांद्याचो रस लाव. म्हयन्यात केस येतले बघ."

मी पहाटे उठून रस लावला, तासभर ठेवला, धुतला, कामावर गेले. दहा वाजेपर्यंत ठीक होतं. मग मे महिन्याचा उकाडा आणि वर ती टोपी! सुपरवायझर आमच्या लाइनपाशी येऊन थांबला. नाक वर केलं.

"भजी कोण तळतंय इथे?"

अख्खा हॉल हसला. कुंदा तडकून म्हणाली, "साहेब, कॅन्टीनमधून वास येतोय."

"कॅन्टीन आज बंद आहे!"

इथपर्यंत मी मैत्रिणींना सांगते. पुढचं सांगत नाही. मी बाथरूममध्ये जाऊन हात धुवायच्या साबणानं डोकं धुतलं. मूठभर केस हातात आले. तिथल्या बादलीत टाकले तर लगेच कळलं असतं कुणाचे ते. म्हणून कागदात गुंडाळले आणि रिकाम्या डब्यात ठेवले. घरी जाताना वाटेत टाकू म्हटलं आणि विसरले.

संध्याकाळी डबा घासायला सासूबाईंनी उघडला.

त्यांनी झाकण परत लावलं आणि डबा तसाच बाजूला ठेवला. त्यानंतर मोरी तुंबली की काडी घेऊन त्या स्वतःच जायच्या आणि मला न दाखवता टाकून यायच्या.

*

धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा माझा अंबाडा बांधायला केसच पुरेनात. फिलोमिना माझ्याबरोबर आली आणि आम्ही गंगावन घेतलं. रंग जवळपास जुळला. आकडे लावून, वर अबोलीचा गजरा माळून मी लग्नाच्या हॉलमध्ये उभी राहिले, तर एक चुलत सासूबाई म्हणाल्या, "शैलाचे केस बघा किती छान! आणि सांगतात गळतात म्हणून!"

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! मी हसत हसत पंगतीत वाढायला घेतलं.

पंगतीत एक तीन वर्षांची भाची बसली होती. मी वाकून तिला जिलबी वाढली, तिनं गजऱ्याला हात घातला आणि ओढला. गजरा, अंबाडा, आकडे, सगळं तिच्या हातात! तिनं ते वर धरलं आणि जोरात ओरडली, "मामीचं डोकं निघालं!"

पोरीला वाटलं आपण मामीला मारलं. ती रडायलाच लागली. पंगतीतली दहा-बारा माणसं जिलबीकडे बघत बसली. कुणी वर मान करेना.

हे पलीकडून आले, भाचीच्या हातातून गंगावन घेतलं आणि पँटच्या खिशात कोंबलं. मला म्हणाले, "पदर घे डोक्यावर. आणि जिलबी वाढ, लोक थांबलेत."

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. दोन शब्द तरी बोलायचे! रिक्षातून घरी येताना बघितलं, त्यांच्या खिशातून केसांचं टोक बाहेर लोंबत होतं आणि ते त्यावर हात ठेवून बसले होते. अख्ख्या वाटेत हात काढला नाही. घरी आल्यावर गंगावन काढून त्यांनी ते नीट विंचरलं आणि खुंटीला अडकवलं. मी ते परत कधी लावलं नाही.

*

कंपनीच्या डॉक्टरांकडे मी दोन वर्षं जात होते. त्यांचं एकच वाक्य. "टेन्शन घेऊ नका." आणि दर वेळी शक्तीच्या गोळ्यांची बाटली द्यायचे. एकदा ती उघडली तर आतला कापसाचा बोळा ओळखीचा. मी बोळ्याला एक पीळ जास्त घालायचे, तो पीळ. बाटली मीच भरलेली!

शेवटी कुंदा भडकली. "तू बाहेर दाखव. तुझा आवाज ऐकलायस का? पुरुषासारखा घोगरा झालाय!"

बोरिवलीत आमच्या जवळच्या दवाखान्यात एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मी आत गेले तर त्या माझ्या डोक्याकडे बघेचनात. माझ्या स्वेटरकडे बघत होत्या. मे संपत आलेला, त्यांना घाम फुटलेला, आणि मी स्वेटर घालून!

"भुवया कोरता का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. आमच्यात कोण कोरतंय!"

"मग टोकाचे केस कुठे गेले?"

त्यांनी आरसा दिला. खरंच की! दोन्ही भुवया अर्ध्यातच संपत होत्या. डोक्यावरचे केस रोज मोजत होते, पण भुवयांकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

त्यांनी माझ्या गळ्यावर बोट ठेवलं. इथे थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती तुमची नीट काम करत नाही. वजन, झोप, थंडी, आवाज, केस, सगळं त्याचंच. रक्त तपासून घेऊ.

मी उठता उठता विचारलं, "आणि मूल?"

"त्यालाही हेच कारण असू शकतं. मूल राहत नाही म्हणून आजवर कुणाला दाखवलं होतं?"

"देवाला," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

रिपोर्ट तसाच आला. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटीशी पांढरी गोळी, आयुष्यभर. पाच वर्षं मी दिवसाला हजारो गोळ्या मोजत होते आणि मला हवी होती ती दुसऱ्याच कंपनीत तयार होत होती! डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. सुरुवातीला केस आणखी गळतील, घाबरू नका, गोळी सोडू नका.

स्वेटर निघाला. आवाज परत आला. केस आले, पण पूर्वीच्या निम्मे. मूल झालं नाही. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. मग आम्ही तो विषय काढायचं बंद केलं.

*

गोळी सुरू होऊन महिना झाला होता, केस खरोखरच पहिल्यापेक्षा जास्त गळत होते, आणि त्याच सुमारास कंपनीत तक्रार आली. बाहेरगावच्या एका डॉक्टरांनी बाटली परत पाठवली होती. झाकणाखालच्या कापसात केस! काळा, सरळ, हातभर लांब. बाटलीवरच्या नंबरावरून लगेच कळलं, लाइन नंबर तीन.

मी तेव्हा टेम्पररी होते. दर काही महिन्यांनी ब्रेक द्यायचे आणि परत घ्यायचे. त्याच महिन्यात मला पर्मनंट करायचं चाललं होतं. ह्यांच्या वर्कशॉपला टाळं लागलेलं. माझी नोकरी गेली तर घरात दुसरं काहीच नव्हतं.

क्वालिटीचे मोठे साहेब चौकशीला बसले. एकेकीला केबिनमध्ये बोलवायला लागले. आधी मंदाताई, मग फिलोमिना, मग कुंदा. जी ती पाच मिनिटांत बाहेर यायची आणि माझ्याकडे न बघता कामाला लागायची. मी समजले. त्यांनी तरी काय करायचं! त्यांना पण घरं आहेत. माझं नाव सांगितलं असणार. सांगण्यासारखं होतंच.

मी ठरवलं, साहेबांनी विचारायच्या आत आपणच सांगायचं.

आत गेले, दार लावलं आणि टोपी काढली. कंपनीत कुणासमोर पहिल्यांदाच.

साहेबांनी वर बघितलं आणि लगेच नजर टेबलावर नेली. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत तो केस होता.

"साहेब, केस माझा आहे," मी म्हटलं. "ह्या लाइनवर एवढे केस फक्त माझेच गळतात. मी आजारी आहे. औषध चालू आहे."

त्यांनी मग ड्रॉवर उघडून तीन कागद काढले आणि एकेक माझ्यासमोर ठेवत गेले.

"हा मंदाबाईंचा. लिहून दिलंय, केस माझाच आहे. त्यांच्या डोक्यात औषधालासुद्धा काळा केस नाही."

मी बघत राहिले.

"हा फिलोमिनाचा. केस माझाच आहे. तिचा बॉबकट आहे! हा हातभर केस तिच्या डोक्यावर उगवला कुठे?"

तिसरा कागद ठेवताना त्यांनी कपाळाला हात लावला. "आणि ही कुंदा. ही म्हणते, केस माझा आहे आणि कंपनीवर राग आहे म्हणून मी तो मुद्दाम टाकला! आता तुम्ही चौथ्या. एक केस आणि चार मालकिणी. मी वर काय लिहून पाठवू, सांगा?"

मी तिसरा कागद उचलून वाचायला घेतला.

"टोपी घाला," ते म्हणाले. "आणि कामाला लागा."

मी बाहेर आले. तिघी मान खाली घालून गोळ्या मोजत होत्या. मी माझ्या जागी उभी राहिले. थोड्या वेळानं फिलोमिनानं मान वर न करता विचारलं, "डब्यात काय आणलंयस?"

"वांगं," मी म्हटलं.

दोन दिवसांनी नोटीस बोर्डावर टाइप केलेला कागद लागला. खाली साहेबांची सही. सदर वस्तू केस नसून, बाटल्यांना झाकण लावण्याच्या मशीनच्या ब्रशचा तंतू आहे, असे चौकशीत आढळून आले आहे.

आम्ही चौघींनी तो कागद वाचला आणि लाइनवर परत गेलो. आमच्या मशीनला ब्रश नव्हता.