गादीतला खड्डा

आमच्या कापसाच्या गादीवर तीस वर्षं मी दुपारचा असा झोपलो, की माझ्या घोरण्याने सोसायटीतली कबुतरं गाव सोडून गेली. परवा वरच्या मजल्यावरच्या नेन्यांनी नवी गादी घेतली. रिवाजाप्रमाणे हातावर पेढा ठेवून म्हणाले, "अहो, जरा पडून तर बघा!"

पडलो, आणि तिथंच घात झाला. ढगाने कुशीत घेऊन वर पंखा लावावा, तसं वाटलं.

घरी येतो तर आमच्या गादीत मधोमध विहीर! या कुशीला गाठी, त्या कुशीला डोंगर. झोप गेली ती गेलीच. गरज म्हणे माणसाला आतून जाणवते. माझी तर वरून जिना उतरून आली. की तो खड्डा तीस वर्षं होताच, आणि मीच सुखात होतो?

"गादी तीच आहे," बायको म्हणाली. "लोकांकडे लोळून आलात तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी नेनेवहिनींनी तिलाही बोलावलं. ती 'नुसतं बघून' आली. दुपारी मी डोळे मिटून तळमळत होतो, तेवढ्यात शेजारून हळूच आवाज आला, "अहो, जागे आहात का? माझ्या बाजूलाही खड्डा आहे हो."