चार नंबर, दहा रुपये!

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात स्वतःच्या वरकमाईची दवंडी पिटणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो कळंबच्या बसस्टँडमागच्या खाणावळीत वाढपी होता. लोक वरकमाईची खबर या कानाची त्या कानाला लागू देत नाहीत. याला मात्र ताटाखाली नोट दिसली की कंठ फुटायचा.

खाणावळीचा नियम असा, की मिळालेली टिप गल्ल्यावर सांगायची, डब्यात टाकायची आणि शनिवारी तिघा वाढप्यांनी वाटून घ्यायची. बाकीचे दोघे सांगायचे, पण पुटपुटत आणि निम्मीच. हा भर जेवणाच्या गर्दीत ओरडायचा, "मालक, चार नंबर, दहा रुपये! चष्मेवाले सर, पाटोडीच्या रश्श्यावर खूश!" सगळी खाणावळ माझ्याकडे वळून पाहायची. मी पडलो शाळामास्तर. आज पाचच ठेवायचे असं रोज ठरवून यायचो आणि त्या आवाजाच्या धाकाने दहा ठेवायचो. रस्सा तिखट झाला असेल तर मात्र हा नोट परत करायचा. "आज कायची टिप जी? पाणी पिऊ पिऊ जेवले तुम्ही!"

या सचोटीने शेवटी त्याचाच घात केला. पोरीला यवतमाळला नर्सिंगला घालायचं म्हणून त्याने पगार वाढवून मागितला. मालक गल्ल्यावरूनच म्हणाला, "तुले कायले पाह्यजे पगार? दिवसभर तूच तं बोंबलून राह्यला, दहा आले, वीस आले!" माणूस आपल्या पायावर धोंडा मारून घेतो हे ठाऊक होतं, पण रोज, तेही ओरडून? मला त्याचा राग आला आणि दयाही आली. मी म्हटलं, "भाऊ, जरा कमी सांगत जा." तो विचारात पडला. मग म्हणाला, "नाई सर. मीच अर्धं सांगून राह्यलो. पुरं सांगाले पाह्यजे."

दुसऱ्या दिवसापासून त्याने न मिळालेली टिपही जाहीर करायला सुरुवात केली. "मालक, दोन नंबर, काही नाई! तीन ताटं, चारदा भात, काही नाई!" कापसाचा एक जाडजूड दलाल बडीशेपेची मूठ तोंडाशी नेता नेता तसाच बाहेर पळाला. आठवड्याभरात निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या खाणावळीत दिसू लागली. मालकाने हात जोडले. पगार वाढला, तिघांचाही. अट एवढीच, की टिप बंद आणि ओरडणंही बंद.

मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. त्या दिवशी सवयीने ताटाखाली दहाची नोट ठेवून मी निघालो. हा बसपर्यंत धावत आला, नोट माझ्या खिशात कोंबली आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "आता पगारात येते जी. पोरीची अॅडमिशन झाली."

आता तिथे शांतपणे जेवता येतं. रस्सा तोच, भाकर तीच. तो येतो, वाढतो, नीट हसतो, जातो. तरी हात धुतल्यावर मी चार नंबरपाशी उगाच रेंगाळतो. इतकी वर्षं नोकरी केली, संसार केला, पण आज मी खूश आहे हे चार लोकांत ओरडून सांगणारा तो एकच माणूस होता.