एकाच गाठोड्यातलं प्रस्थान

त्या वर्षीचा उन्हाळा माझा तंबू शिवण्यात गेला. पुढच्या खोलीत मांजरपाट पसरलेलं, मधोमध माझं मशीन आणि भिंतींना टेकून बसलेले आठ पुरुष. त्यातले एक माझे यजमान. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मी जन्मभर त्यांना ‘हे’च म्हटलं आणि इथेही तसंच लिहिणार आहे.

हे जळगावात एका शाळेत भूगोल शिकवायचे. मूळचे धुळ्याचे, पांझरेच्या काठचे. लहानपणी एका पुरात यांच्या आईची तांब्याची घागर काठावरून वाहून गेली. बाकीचं घर घागर गेली म्हणून हळहळलं, यांना मात्र ती गेली कुठे याचाच घोर लागला. पुढे नकाशा वाचता यायला लागला तेव्हा उत्तर सापडलं. पांझरा मुडावदला तापीला मिळते, म्हणजे घागर तिथून तापीत गेली असणार. एवढ्यावर शहाण्या माणसाने गप्प बसावं की नाही? पण यांना ती जागा डोळ्यांनी बघायची होती, आणि तीही एस.टी.ने जाऊन नव्हे, तापीतून डोंग्याने जाऊन. “घागर सापडली तर कल्हई करूनच आणा,” मी म्हणायचे.

वेड एकट्यापुरतं राहिलं असतं तर मीही लक्ष दिलं नसतं. यांनी आणखी सात जणांना लावलं. त्यात यांच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर होते, डाळमिलवाले शेठ होते, बाकीचे गल्लीतले आणि शाळेतलेच. यावलच्या बाजूला केळीच्या बागा जिथे नदीपर्यंत उतरतात तिथून निघायचं. वाटेत गिरणा मिळते, बोरी मिळते, अनेर मिळते. दोन्ही काठांना मातीच्या उंच घळी, तिथे गाव नाही, वस्ती नाही, असलीच तर तरसं आणि कोल्हे. रोज संध्याकाळी वाळूत तंबू ठोकायचा आणि सकाळी उठून पुढे निघायचं. शेवटी मुडावद, मग बेटावद स्टेशनावरून गाडीने परत.

वाटाड्या म्हणून तापीकाठचा एक वयस्क भोई ठरवला होता. त्याला सगळे नाना म्हणत. दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून त्यांवर बांबूची ताटी टाकायची, डावीकडे चार माणसं बसवायची आणि उजवीकडे चार, अशी त्याची पद्धत. वजनं आधी कळली पाहिजेत म्हणून त्याचा हट्ट. म्हणून मग शेठच्या मिलमधल्या धान्याच्या काट्यावर एकेक जण उभा राहिला. हे सगळ्यांत हलके भरले. मी तिथे शिध्याची डाळ आणायला गेले होते. “खिशात दगड ठेवा, नाहीतर वाऱ्याने उडाल,” असं मी सगळ्यांसमोर म्हणाले आणि शेठ हसून हसून खोकले.

शिधा माझ्याकडे होता. दशम्या, लसणाची चटणी, शेव, डाळ-तांदूळ, भरताची वांगी. वांगी भाजायला काठावर तुराट्या मिळतील की नाही यावर या आठ जणांनी एक अख्खी संध्याकाळ घालवली. शेवटी मी म्हटलं, चार तुराट्या घरून बांधून देते, पण आता उठा.

दिवाळीच्या सुट्टीत निघायचं ठरलं, पण मुहूर्त हवा होता दसऱ्याचा. त्यावर आमच्याकडे जुना उपाय आहे, प्रस्थान ठेवणं. मुहूर्ताच्या दिवशी निघता येत नसेल तर आपली एखादी वस्तू, सुपारी आणि तांदूळ बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे. तेवढ्याने आपण निघालो असं धरतात. मग खरोखर जाताना ते गाठोडं तिथून उचलायचं आणि पुढे चालू लागायचं. ते आपल्या घरात परत मात्र आणायचं नाही.

प्रस्थान शेजारच्या अक्कांच्या घरी ठेवायचं ठरलं. अक्का मारवाडी, त्यांचं कापडाचं दुकान, आणि या गोष्टींत त्या पक्क्या. त्यांनी सांगितलं, “ज्याचं त्याचं गाठोडं वेगळं बांधा.” पण हे आठही जण रंगात आलेले. “एका डोंग्यातून जाणार, मग गाठोडी आठ कशाला?” असं हे म्हणाले आणि स्वतःचा पंचा अंथरला. विज्ञानाच्या मास्तरांनी चष्म्याचं जुनं घर टाकलं, शेठनी रुमाल टाकला, कोणी शिट्टी, कोणी किल्ली. प्रत्येकाची एक सुपारी. यांनी आपली म्हणून वेगळी वस्तू टाकली नाही, पंचाच त्यांचा होता. एकच गाठ मारली. अक्कांनी ते गाठोडं देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलं.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. हे शाळेतून आले, सायकल भिंतीला लावली, दारातल्या पायरीवर बसले आणि बसलेलेच राहिले. मी आतून विचारलं, “चहा टाकू का?” उत्तर आलं नाही म्हणून मी टाकला. घेऊन बाहेर आले तेव्हा मान खांबाला टेकलेली होती.

लोक आले, नेलं. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मी दारात उभी होते. खांदेकरी कोपऱ्यावरून वळेपर्यंत दिसत होते, नंतर दिसले नाहीत. मी आत येऊन मशीनवरचा मांजरपाटाचा तुकडा घडी घालून ठेवला.

मला काहीच वाटत नव्हतं. हे मी नंतर कोणाला सांगितलं तर लोकांना वाटायचं, बाई सोसलेलं लपवते. लपवत नव्हते. भूक लागायची, जेवायचे. झोप यायची, झोपायचे. भेटायला येणाऱ्या बायका गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवताना डाळ शिजत घातली आहे की नाही ते आठवत राहायचे. माझी जाऊ धुळ्याहून आली होती, ती एकदा म्हणाली, “अगं, रड तरी.” मी म्हटलं, “येत नाही.” ती घाबरली. मी घाबरलेही नाही.

दिवाळी तशीच गेली. ते सात जण बरेच दिवस फिरकले नाहीत. आले ते दिवाळीनंतर, माना खाली घालून. मी चहा केला. एक म्हणाला, आता रजा शिल्लक नाही. दुसरा म्हणाला, नदीचं पाणी उतरलं असेल. शेठना तुरीचा हंगाम आठवला. वहिनी, पुढच्या वर्षी बघू, असं सगळे एका सुरात म्हणाले. मी म्हटलं, बरं. ते गेले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, पुन्हा तेच बोलले. जायचं नाही तर माझ्या घरी येऊन बसता कशाला, असं जिभेवर आलं होतं. त्या दिवसांत मला एवढा एकच राग यायचा, आणि तोही चहाचे कप विसळेपर्यंत टिकायचा नाही.

खरं कारण मला अक्कांकडून कळलं. एका दुपारी त्या हातात पापडाचं पीठ घेऊन आल्या आणि बराच वेळ पिठाबद्दलच बोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “बेटी, वाईट मानू नको. सून दोन जिवांची आहे. ते गाठोडं माझ्या कोनाड्यात आहे. ठेवता येत नाही आणि टाकताही येत नाही. तुझ्या घरी परत देऊ कसं?”

मग माझ्या ध्यानात आलं. सात जिवंत माणसांच्या सुपाऱ्या एका गेलेल्या माणसाच्या पंच्यात, त्याच्याच हाताच्या गाठीत बांधलेल्या होत्या. ती गाठ सोडायला कोणी धजत नव्हतं. गाठोडं तसंच उचलून निघायचं तरी कोणाची छाती नव्हती, आणि ते तिथेच सोडून निघायचं तर त्याहून नव्हती. विज्ञानाचे मास्तर वर्गात पोरांना भूत नसतं असं प्रयोगासकट सिद्ध करून दाखवायचे. तेही पाणी उतरलं म्हणत होते.

म्हणजे हे प्रस्थान ठेवून निघाले होते आणि कुठेच पोचले नव्हते. शेजारच्या कोनाड्यात अडकून पडले होते. हे मला कळलं, वाटलं मात्र काही नाही. फक्त एवढं नक्की झालं की यांना मुडावदला पोचवायचं. बाकी माझ्या हातात यांचं काही उरलं नव्हतं.

पुढच्या खेपेला सात जण आले तेव्हा योगायोगाने नानाही आला. बाजाराला आला होता, दारात बसला. त्याने कोणाचं सांत्वन केलं नाही. “आते पानी शे,” तो अहिराणीत म्हणाला, म्हणजे आत्ता पाणी आहे. “पुढला महिनामा डोंगा रेतीमा बठी. जानं व्हई तं आतेच.”

नानाने माणसं मोजली.

“आठवा कोन शे?”

आठवा नव्हता. त्यांनी दोघा-तिघांना विचारून पाहिलं होतं, पण ती जागा कोणाला नको होती. नानाने थोडा विचार केला.

“मंग आठवी जागावर रेतीनं पोतं ठेवू. नही तं डोंगा कलस.” आणि माझ्याकडे बघून त्याने सरळ विचारलं, “भाऊनं वजन कितलं व्हतं?”

विज्ञानाच्या मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने शिवी दिली. शेठ म्हणाले, “नाना, हे काय विचारणं झालं?”

“पावणेदोन मणाला दोन शेर कमी,” मी म्हणाले. “पोतं मी शिवते. उठा आता सगळे, अक्कांकडे चला.”

माझ्या मागोमाग ते अक्कांच्या ओट्यापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. अक्कांनी गाठोडं परातीत ठेवून बाहेर आणलं. गाठ यांनी नेहमीसारखी मारलेली होती, दुहेरी, घट्ट. इतकी घट्ट कशाला मारता म्हणून मी इतकी वर्षं कुरकुर करत आले होते. नखाने सुटेना, शेवटी दाताने सोडवली. “हं, घ्या आपापलं,” मी म्हटलं. शिट्टीवाल्याने शिट्टी घेतली. शेठनी रुमाल घेतला. मास्तर सगळ्यांत मागे उभे होते. चष्म्याचं घर मीच त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, “चावत नाही.” सगळ्यांनी आपापल्या सुपाऱ्या घेतल्या. पंच्यावर एक सुपारी आणि चिमूटभर तांदूळ उरले. मी पुन्हा गाठ मारली, सैल. अक्का म्हणाल्या, “घरी नेऊ नकोस हो.”

“घरी नाही,” मी म्हणाले. “हे पोत्यात जाईल.”

पोतं शेठच्या मिलमधलं घेतलं. मिलच्या मागे बांधकामाची वाळू पडलेली होती. हमालाने फावड्याने वाळू भरली, मध्ये मी पंचा ठेवला, वर पुन्हा वाळू घातली. पोतं काट्यावर चढवलं. त्याच काट्यावर. शेठ वजनं लावत होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. काटा सरळ झाला तेव्हा ते म्हणाले, “झालं, वहिनी.”

“दोन मुठी काढा,” मी म्हणाले. “नवरात्राच्या उपासांनी उतरले होते.”

हमालाने दोन मुठी काढल्या. मी दाभण आणि सुतळी घेऊन तोंड शिवलं. टाके एकसारखे आले. मला तेव्हाही काही वाटलं नाही. शिवून झाल्यावर सुतळी दाताने तोडली आणि घरी येऊन दशम्यांचं पीठ भिजवलं.

निघायच्या दिवशी मिलच्या ट्रकमधून सामान यावलच्या बाजूला गेलं. मीही बसले. माझं असं बाहेर पडणं लोकांना रुचणार नव्हतं हे अक्कांना माहीत होतं, म्हणून त्या सोबत आल्या आणि वाटेत कोणी बघितलं की जोरजोरात जपमाळ ओढत राहिल्या. केळीच्या बागेच्या टोकाला ट्रक थांबला. खाली नदी होती, वाळूत दोन डोंगे बांधून तयार होते. तंबू, तुराट्या, डबे, वांगी, सगळं खाली गेलं. शेवटी पोतं राहिलं.

ते हमालाने पाठीवर घेतलं असतं तर एका खेपेत गेलं असतं. पण शेठ पुढे झाले, मास्तर पुढे झाले, मागून आणखी दोघे. चौघांनी पोतं आडवं उचललं. उतार निसरडा होता. दोन पावलांवर मास्तर हळूच म्हणाले, “सांभाळून. पाय सांभाळा.”

आमच्या दारातून यांना नेताना पायरीवर हेच मास्तर हेच म्हणाले होते. त्याच आवाजात. तेव्हा मी कोपऱ्यापर्यंतच बघू शकले होते. या वेळी कोपरा नव्हता. मी त्यांच्या मागे चालत पाण्यापर्यंत गेले.

नानाने पोतं उजव्या बाजूला चौथ्या जागेवर उभं करून बसवलं. सात जण आपापल्या जागी बसले. नानाने वाकून दोन्ही बाजूंचं पाणी पाहिलं. “बराबर शे,” तो म्हणाला. “भाऊ बठी गयात.” आणि त्याने बांबू रेटला.

डोंगा जरासुद्धा कलला नाही. मास्तर पोत्याशेजारी बसले होते. त्यांनी त्याला आधाराला हात लावला आणि तो तसाच ठेवला. नदी पुढे वळत होती. वळणापर्यंत आठही पाठी दिसत होत्या, सात माणसांच्या आणि एक यांची.

अक्कांनी मागून माझा दंड धरला तेव्हा मला कळलं की मी गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरले आहे. आणि जो आवाज मला मघापासून ऐकू येत होता तो माझ्याच रडण्याचा होता.