मालगुजाराले उचलाले गेलो अन् त्याच्याच पुढं उतरलो

वरठीवरून सकाळी निघालो, तवा कारखान्यातले लोकं रातची डिवटी करून सायकलीनं घरी जाऊन राहिले होते. सगळे माह्या पुढं निघून गेले. मी हायड्रा चालवतो. हायड्रा म्हणजे सामान उचलाची क्रेन, दिसाले हत्ती अन् चालाले गोगलगाय. एक सायकलवाला मागं वळून म्हणे, "डायवर साहेब, घाई असन तं बसा माह्या कॅरिअरवर!" मी हसलो. पण खरं सांगतो, बसाचं एकदा मनात आलं होतं.

मी चवथी नापास. हे मी सांगून राहिलो अन् बायको लिहून राहिली. कंसात जे हाये ते तिचं, चुका माह्या.

आंधळगावच्या पुढं एक गाव हाये. नाव नाही सांगत, नाहीतर तिथचे लोकं मले पुन्हा जेवाले बलावणार नाहीत. त्या गावच्या तलावाच्या पारीवर (बांधावर) जुन्या मालगुजाराचा (इंग्रजाच्या राजात गावाचा सारा वसूल करणारा धनी) पुतळा होता. ग्रामसभेत लय भांडण होऊन ठरलं, का पुतळा तिथून काढाचा अन् ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवाचा. गाडीच्या मालकानं, सेठनं, मले एवढंच सांगितलं, "एक माणूस उचलाचा हाये, सिमेंटचा." अन् निघता निघता म्हणे, "ब्रेक जरा लांबून दाबजो." लांबून म्हणजे किती, हे मी इचारलं नाही. हुशार माणसानं इचारलं असतं.

आंधळगावले चहा घेतला, गरम आलूभजे खाल्ले, टाळू भाजला. पुढं रस्ता बारीक झाला. दोन्ही बाजूनं धान लोंबीवर आलं होतं, शेवटच्या पाण्याची वाट पाहत उभं. मंग तलाव दिसला. असा मोठा, का पल्याडचे बगळे खोबऱ्याच्या किसावानी दिसत होते. गावात जायाचा रस्ता पारीवरूनच.

पारीच्या तोंडाशी पुढचे दोन सायकलवाले खाली उतरले. मागून मोटारसायकलवाला आला, त्यानंही इंजन बंद केलं अन् गाडी लोटत निघाला. म्हटलं, मयत हाये का पोलीस हाये? एक उंच, वाळलेला बुढा डोक्यावरचा टावेल काढून हातात धरून चालला होता. त्यानं मले हात केला, "उतर, उतर."

मी उतरलो. हायड्रा नाही थांबली. मी खाली अन् थे पुढं. मी तिच्या मागं पळालो, एक चप्पल चिखलात गेली, दुसरी मीच फेकली. चाकाखाली दगड टाकाले वाकलो अन् सपशेल बसलो. शेवटी एका सिंदीच्या झाडानं गाडीले अडवलं. झाडाचे उपकार हायेत, नाहीतर मालगुजाराआधी मलेच तलावातून उचला लागलं असतं.

तेवढ्यात एक बाई स्कुटीवर बसूनच सरळ आली. माह्याकडं पाह्यलं, चिखलाकडं पाह्यलं.

"भाऊ, तुमी पुतळा काढाले आले ना?"

"हो."

"मंग त्याच्याच पुढं काहून उतरले?"

मी वर पाह्यलं. मोठ्या ओट्यावर पगडीवाला उभा होता, हातात छडी, अन् नजर रस्त्यावर. मी त्याच्या पायाशी चिखलात बसलो होतो.

तिचं नाव वैशाली. आंधळगावच्या दवाखान्यात नोकरीले हाये. ग्रामसभेत पुतळ्याचा विषय तिनंच काढला होता. मले "उतर" म्हणणारा बुढा तिचाच सासरा, सोमाजी. तिनं सांगितलं, मालगुजार जिवंत होता तवा त्याच्या पुढून कोणी बसून जायाचं नाही, जोडे घालून जायाचं नाही. थो मेला, त्याच्या पोराईनं पुतळा बसवला, अन् लोकं पुतळ्यापुढं उतरू लागले. जोडे तेवढे पायात राह्यले.

"मामाजी (सासरे) आजलोग एकदाही इथून बसून नाही गेले," थे म्हणे. "मागच्या वर्षी ताप होता, आटोत टाकून नेत होतो. इथं आटो थांबवला अन् पायी गेले. तापात! मी त्याच दिवशी ठरवलं, ह्याले काढाचा."

दुपारपावतो सारं गाव पारीवर. त्यात गणपतभाऊ होते, चांगले धानवाले शेतकरी. दुसऱ्या दिवशी तुडूम (तलावाचं पाणी सोडाचं दार) उघडाचं होतं. उघडाच्या आधी पुतळ्यापुढं नारळ फोडाची रीत, अन् नारळ गणपतभाऊच्या घरचा.

"काढा बावा, ठरलं तं काढा," गणपतभाऊ म्हणे. "पण एक सांग वैशाली, हा तलाव कोणं बांधला? याच्याच पाण्यावर भात खाते ना तू?"

"माह्या आजसासऱ्यानं बांधला, भाऊ. टोपल्यानं माती वाह्यली. मजुरी मांगितली तं थे छडी भेटली."

"तुमीच वाह्यली का? माह्या आज्यानं नाही वाह्यली? त्यालेही भेटली छडी."

"मंग तुमच्या आज्याचा पुतळा कुठी हाये?"

गणपतभाऊनं खिशातून सुपारी काढली अन् अडकित्ता शोधू लागले.

मी म्हटलं, चला, आता माही कला दाखवतो. चारही चाकाखाली दगड लावले. हुक खाली घेतला, पट्टा घेतला अन् मालगुजाराच्या गळ्यात टाकला.

"अबे ए! फाशी देऊन राहिला का?" गणपतभाऊ वरडले.

दोन्हीकडचे लोकं वरडले. जे काढा म्हणत होते थेही अन् जे नोको म्हणत होते थेही. साऱ्या गावाले एका मतावर आणलं मी, हे ग्रामसभेले जमलं नव्हतं.

सोमाजी पुढं आला. म्हणे, "बगलेतून घाल रे बाबू. उतरवाचा हाये, माराचा नाही."

मी बगलेतून पट्टा घातला. मालगुजार हलला, वर उठला, अन् हवेत हळूच गोल फिरला, जसा सारा तलाव एकदा पाहून घेते. कोणी टाळी वाजवली नाही. सोमाजी खाली पाहत होता. त्याच्या बापाले याच पारीवर मारलं होतं, अन् थो लहान असताना बाजूले उभा होता, हे मले मंग वैशालीनं सांगितलं.

ग्रामपंचायतीच्या खोलीत मी दारातूनच क्रेनचा हात घालून पुतळा ठेवला तं त्याचं तोंड भिंतीकडं झालं. गणपतभाऊ म्हणे, "तोंड तं दाराकडं कर बावा, शाळेतल्या पोट्ट्यावानी उभा नोको करू." पुन्हा उचलला, फिरवला. वैशाली म्हणे, बाजूले पाटी लावाची हाये. यानं हुकूम देल्ला, अन् माती वाह्यली थे लोकं कोण, हे लिहाचं. गणपतभाऊ म्हणे, "आज्याचं नाव मी सांगतो, लिहून घेजो."

संध्याकाळी आमी ओट्यापाशी उभे होतो. सायकलवाले शेतातून परत येऊन राहिले होते. रिकाम्या ओट्यापाशी आले अन् उतरले. एकामागून एक सारेच. मोटारसायकलवालाही. वैशालीचं तोंड एवढंसं झालं.

"याहीपेक्षा पुतळा बरा होता," थे म्हणे. "कमीत कमी कायले उतरते थे तरी दिसत होतं."

रातच्याले तिच्याच घरी जेवलो. तलावातली मासोळी, भात, लाखोळीची डाळ. मी मोठ्या ऐटीत सांगत होतो का मले काट्याची सवय हाये, अन् सांगता सांगताच काटा अटकला. सोमाजीनं भाताचा गोळा गिळाले देल्ला. वैशाली हळूच म्हणे, "भाऊ, उद्या आंधळगावचा बाजार हाये. मामाजीले तुमच्या गाडीत न्या. माह्यासोबत बसत नाहीत. पाहुण्याले नाही म्हणणार नाहीत. पण ओट्यापाशी थांबू नोका."

मी म्हटलं, "बाई, त्याईनं थांब म्हटलं तं मले थांबाच लागन. बुढा माणूस हाये."

सकाळी सोमाजी धुतलेला सदरा घालून माह्या सीटच्या अर्ध्यात बसला. अर्धा मी बाहेर. तुडूम उघडलं होतं. नारळ गणपतभाऊनं तुडुमावरच फोडला होता, अन् पाणी काही पुतळ्याले इचाराले थांबलं नव्हतं, बांध्याइत (धानाच्या वाफ्यांत) सुटलं होतं. ओटा जवळ आला. सोमाजीनं डोक्यावरचा टावेल काढला.

"थांब बाबू. उतरतो."

मी ब्रेक दाबला. लांबून दाबला, जवळून दाबला, उभा राहून दाबला. गाडी चालतच राहिली. बाजूले लोकं सायकली हातात धरून उभे, अन् आमी दोघं त्याईच्या मधून वरात निघाल्यावानी. सोमाजीनं एका हातात टावेल अन् दुसऱ्या हातात माही मान धरली. ओटा आला, ओटा गेला. पुढं त्याच सिंदीच्या झाडानं आमाले अडवलं.

"भैताडा! थांब म्हटलं होतं ना!"

"ब्रेक नाही लागला, बाबा."

त्यानं मागं वळून पाह्यलं. ओट्यावर एक बकरी चढली होती. त्यानं टावेल झटकला, डोक्याले बांधला.

"वापस घे."

"काहून? काही राह्यलं का?"

"घे म्हटलं तं घे."

वापस घेतलं. पुन्हा ओट्यापुढून गेलो, पुन्हा पलटलो. या दोन्ही बारीले त्यानं टावेल काढला नाही. गणपतभाऊ सायकल लोटत येऊन राहिले होते.

"काय सोमाजी, सवारी निंगाली?"

"तुमीही बसा न सायकलीवर."

"मी तलावासाठी उतरतो रे. त्याच्यासाठी नाही."

"उतरा. तलावासाठी मीही उतरन. आज नाही."

आंधळगावच्या बाजारात सोमाजीनं मले पान खाऊ घातलं. वैशालीले खबर आधीच लागली होती. दवाखान्यातून धावत आली, डोळे भरले होते. "भाऊ, तुमी माहं आयकलं, थांबले नाही!" मी पान चावत राह्यलो. आता बायकोनं लिहिलंच हाये तं खरं काय थे वैशालीलेही समजन.

वरठीले पोचलो तं पानठेल्यावर लोकं मले इचारू लागले, असे पुतळे काढावं का राहू द्यावं? मी चवथी नापास, पण माहं मत पक्कं हाये. ज्याच्या पुढून तापातल्या माणसाले उतरून पायी जा लागते, त्याले काढा. पट्टा बगलेतून घाला, तोंड दाराकडं ठेवा, पाटी लावा, पण काढा. अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहा, का अजून कोण कोण उतरून राह्यलं.

सेठले ब्रेकचं सांगितलं तं म्हणे, दुरुस्त करून टाकू. त्याच दिवशी सोमाजीचा फोन आला. म्हणे, "पुढच्या बाजाराले ये बाबू. पण गाडी तशीच आण."